आधी कोणती नलिका मोकळी करायची? यकृतद्वाराशी अडलेल्या पित्ताचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 61 वर्षांच्या महिला होत्या आणि त्यांना पूर्वी कोणताही मोठा आजार नव्हता. तीन आठवड्यांपासून कावीळ वाढत होती, लघवी गडद झाली होती, शौचाचा रंग पांढुरका पडला होता आणि अंगाची खाज इतकी होती की रात्रीची झोप जवळजवळ बंद झाली होती. पोटात मात्र दुखत नव्हते. या वयात न दुखता वाढत जाणारी कावीळ दिसली की पित्तमार्गात कर्करोगाचा अडथळा असल्याची शंका आधी घ्यावी लागते. एकूण बिलिरुबिन 14.2 मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर होते. सोनोग्राफीत यकृताच्या आतील नलिका दोन्ही बाजूंना फुगलेल्या दिसल्या, मुख्य पित्तनलिका मात्र सामान्य जाडीची आणि पित्ताशय आकसलेले होते.

ही शेवटची दोन निरीक्षणे या प्रकरणात फार मोलाची होती. स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठ पित्तनलिकेच्या खालच्या टोकावर दाब आणते, तेव्हा अडथळ्याच्या वर सगळीकडे पित्त तुंबते. मुख्य नलिका रुंदावते आणि पित्ताशयही फुगते. इथे मुख्य नलिका बारीक होती आणि पित्ताशय रिकामे होते. याचा अर्थ पित्त तिथपर्यंत पोहोचतच नव्हते आणि अडथळा त्याच्याही वर, उजवी आणि डावी यकृतनलिका एकत्र येतात त्या यकृतद्वाराशी होता.

ज्या रुग्णालयात त्या प्रथम गेल्या, तिथे दुसऱ्याच दिवशी ईआरसीपी करण्यात आली. ईआरसीपीत दुर्बीण तोंडावाटे ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत नेतात, पॅपिलाच्या (पित्तनलिका आतड्यात उघडते त्या उंचवट्याच्या) छिद्रातून तार घालून पित्तनलिकेत शिरतात आणि डाय (क्ष-किरणांत दिसणारा द्रव) सोडून क्ष-किरणांखाली नलिकांचे चित्र पाहतात. तार जिकडे सहज गेली त्या डाव्या नलिकेत 7 फ्रेंच (सुमारे 2.3 मिलिमीटर) जाडीचा प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी नळी, बसवण्यात आला. डाय उजवीकडील नलिकांमध्येही चढला होता, पण तिकडे तार जाऊ शकली नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि बिलिरुबिन उतरण्याऐवजी 17.1 वर गेले. त्यानंतर रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवण्यात आले. दाखल करून घेताना त्यांच्या मुलीने विचारले, “डॉक्टर, नळी तर बसवली ना, मग कावीळ उतरायच्या ऐवजी वाढली कशी?” पुढचे सगळे निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

नेमकी अडचण

दाखल झाल्या तेव्हा ताप 39.2 अंश सेल्सियस, नाडी 118 आणि रक्तदाब 98/60 होता. पांढऱ्या पेशी 18,400 होत्या. मूत्रपिंडांचे काम ठीक होते. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा पीटी-आयएनआर वाढून 1.8 आला, कारण पित्ताविना आतड्यात के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठवणारे घटक तयार होण्यात अडचण येते. 2018 च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा गंभीर श्रेणीचा कोलॅन्जायटिस, म्हणजे पित्तनलिकांचा जंतुसंसर्ग होता. अशा वेळी प्रतिजैविके लगेच सुरू करतात, पण अडकलेल्या, दाबाखालच्या पित्तात ती पुरेशी पोहोचत नाहीत; संसर्ग झालेला भाग लवकर मोकळा करावाच लागतो.

रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविके आणि शिरेतून के जीवनसत्त्व सुरू करण्यात आले आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन व एमआरसीपी करण्यात आली. एमआरसीपीत डाय न सोडता, केवळ चुंबकीय प्रतिमांवरून पित्तनलिकांचा पूर्ण नकाशा मिळतो. या तपासण्यांनी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. गाठ दोन्ही यकृतनलिकांच्या संगमावर होती आणि उजवीकडे पुढच्या व मागच्या विभागांच्या नलिका जिथून फुटतात तिथवर पसरली होती. बिस्मथ आणि कॉर्लेट यांच्या 1975 च्या वर्गीकरणात याला तीन-अ प्रकार म्हणतात. डाव्या बाजूची प्रवेशिका शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) गाठीने वेढून बंद पाडली होती, त्यामुळे डावा भाग आकसून गेला होता. सीटीवरून मोजलेले यकृताचे आकारमान असे होते: डावा भाग 22 टक्के, उजवा पुढचा विभाग 41 टक्के, उजवा मागचा विभाग 32 टक्के आणि पुच्छ खंड 5 टक्के.

म्हणजे स्टेंट यकृताच्या सर्वांत लहान आणि जवळजवळ निकामी झालेल्या भागात होता. कावीळ कमी करू शकणारा भाग उजवीकडे होता. तो अजूनही अडलेला होता आणि डायबरोबर तिथे जंतूही पोहोचले होते. निरोगी पित्त बहुधा निर्जंतुक असते, पण दुर्बिणीतून डाय सोडला की आतड्यातील जंतू वर जातात. ज्या भागाचा निचरा होत नाही तिथे ते वाढत राहतात.

असा निर्णय होतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. कर्करोगामुळे पित्तमार्ग अडण्याच्या प्रकरणांत मोठा वाटा खालच्या टोकाच्या अडथळ्यांचा असतो आणि तिथे वाट एकच असते. तार अडथळ्याच्या पलीकडे गेली आणि स्टेंट बसला की सगळ्या यकृताचे पित्त वाहू लागते. 1979 मध्ये हॅम्बुर्गमध्ये सोहेंद्रा यांनी दुर्बिणीतून पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी बसवण्याची पद्धत सांगितली, तेव्हापासून हेच काम या तंत्राचा मुख्य आधार राहिले आहे. हात या कामाला सरावतो. यकृतद्वाराशी मात्र एकाच अडथळ्यामागे तीन-चार वेगवेगळी पाणलोट क्षेत्रे असतात आणि “तार गेली तिथे स्टेंट” हा सराव तिथे घातक ठरतो. इथे प्रश्न तंत्राच्या आधी यकृताच्या रचनेचा असतो.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीचे तज्ज्ञ, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, यकृत शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून सर्व चित्रे पाहिली. पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा होता, कारण गाठ काढता येण्यासारखी असेल तर निचऱ्याची सगळी आखणी बदलते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर जो भाग उरणार असेल तोच मोकळा करायचा असतो, आणि न काढता येणारा धातूचा स्टेंट बसवायचा नसतो. इथे डावा भाग आकसलेला आणि उजवीकडे दुसऱ्या पातळीवरील नलिका बाधित, अशी स्थिती होती. डावा भाग काढला तरी उरणाऱ्या उजव्या बाजूच्या नलिका गाठीपासून मोकळ्या ठेवता येत नव्हत्या. शिवाय महाधमनीजवळ एक वाढलेली लसिकाग्रंथी दिसत होती. शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया शक्य नसल्याचे मत दिले, पण ग्रंथीचा नमुना मिळेपर्यंत अंतिम निर्णय राखून ठेवला.

त्यानंतर चर्चा निचऱ्याच्या वाटांवर आली. पहिली वाट म्हणजे पुन्हा ईआरसीपी करून उजवीकडे जाणे. ही वाट शरीराच्या नैसर्गिक मार्गाने जाते, बाहेर पिशवी राहत नाही आणि डावा स्टेंट बदलण्याचे कामही त्याच वेळी होते. मात्र उजव्या मागच्या नलिकेचा कोन इतका तीव्र होता की तिथे तार जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते, आणि अपयश आले तर संसर्ग आणखी पसरण्याचा धोका होता.

दुसरी वाट पीटीबीडीची होती, म्हणजे त्वचेतून आणि यकृतातून सुई घालून हव्या त्या नलिकेत नळी बसवण्याची. सोनोग्राफीत पाहून नेमका विभाग निवडता येणे हा तिचा मोठा फायदा. त्याच्या मोबदल्यात बरगड्यांमधून बाहेर आलेली नळी, वेदना, नळी सरकणे, रक्तस्राव आणि नळीच्या वाटेवर कर्करोगपेशी रुजण्याची शक्यता स्वीकारावी लागते. नेदरलँड्समधील एका अभ्यासात शस्त्रक्रियेआधी निचरा होणाऱ्या यकृतद्वार कर्करोगाच्या रुग्णांची दुर्बीण आणि पीटीबीडी अशी तुलना केली होती. पीटीबीडीच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागल्याने तो 54 रुग्णांवरच थांबवावा लागला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार एकूण मृत्यूंचे प्रमाण पीटीबीडीच्या गटात 41 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 11 टक्के होते. हा अभ्यास शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या रुग्णांचा होता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष या रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नव्हता. पण पीटीबीडी हा बिनधोक पर्याय आहे असे गृहीत धरून चालणार नाही, एवढे त्यातून निश्चित घेता येत होते.

तिसरी वाट एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडची (ईयूएस), म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेल्या दुर्बिणीची होती. ईयूएसच्या दुर्बिणीने जठरातून डाव्या यकृतनलिकेत शिरून, जठर आणि यकृत जोडणारा स्टेंट बसवता येतो. खालच्या टोकाच्या अडथळ्यात हीच पद्धत ड्युओडेनममधून मुख्य नलिकेत वापरतात आणि ईआरसीपी फसली तर ती आज उत्तम पर्याय मानली जाते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या यादृच्छिक अभ्यासांत तर खालच्या अडथळ्यासाठी पहिल्याच प्रयत्नात ही वाट वापरून पाहिली. एका वर्षाच्या अखेरीस स्टेंट चालू राहण्याचे प्रमाण ईआरसीपीच्या तोडीचे निघाले. पण या रुग्णात सोपी असलेली जठराकडील वाट डाव्या, आकसलेल्या भागातच नेत होती. उजव्या बाजूला ईयूएसने जाण्याचे तंत्र आहे, पण त्याचा अनुभव मोजक्या हातांपुरता आहे आणि आजारी, संसर्ग झालेल्या रुग्णावर ते पहिला उपाय म्हणून वापरणे योग्य नव्हते.

मोकळा करायचा भाग किती, हे ठरवण्यासाठी चमूने यकृताच्या आकारमानाचा आधार घेतला. फ्रान्समधील 2010 च्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक यकृताचा निचरा झाला तर कावीळ उतरण्याची शक्यता आणि आयुष्यमान दोन्ही वाढलेले दिसले. आकसलेल्या भागात स्टेंट घातल्याने फायदा झाला नाही, उलट संसर्गाचा धोका वाढला. या रुग्णात केवळ उजवा पुढचा विभाग मोकळा केला असता तर 41 टक्के झाले असते आणि मागचा धरून 73 टक्के. शिवाय दोन्ही विभागांत डाय गेला होता, त्यामुळे मागचा विभाग सोडून देण्याची मुभा उरलेली नव्हती.

ठरलेली योजना अशी होती: प्रथम ईआरसीपी करून उजव्या पुढच्या विभागाचा निचरा करायचा, त्याच बैठकीत मागच्या विभागासाठी मर्यादित वेळ प्रयत्न करायचा, आणि तो साधला नाही तर ओढाताण न करता पीटीबीडीकडे वळायचे. रेडिओलॉजिस्ट त्या दिवशी रुग्णालयातच थांबणार होते. थांबायची वेळ आधी ठरवून ठेवणे ही मला या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दुर्बीण आत असताना “अजून एकदा प्रयत्न करू” हा मोह फार मोठा असतो.

केलेले उपचार

पीटी-आयएनआर 1.4 वर आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ईआरसीपी झाली. ती झाल्यावर होणारा स्वादुपिंडाचा दाह टाळण्यासाठी आधी डायक्लोफेनॅकची 100 मिलिग्रॅमची सपोझिटरी देण्यात आली. या वेळी क्रम उलटा होता. आधी डाय सोडला नाही. एमआरसीपीचा नकाशा शेजारच्या पडद्यावर ठेवून 0.025 इंच जाडीची गाईडवायर उजव्या पुढच्या नलिकेत नेली. तार आत पक्की बसल्यावर तिच्यावरून कॅथेटर नेला आणि मगच पित्त ओढून घेतले. ते गढूळ, पिवळट-हिरवे आणि दाट होते. त्यातले काही कल्चरसाठी पाठवले. जेवढे पित्त बाहेर काढले त्याहून कमी डाय सोडला, तोही अडथळ्याच्या वरच्याच भागात. अडथळ्यातून ब्रशने पेशींचे नमुने घेतले आणि 7 फ्रेंचचा प्लास्टिकचा स्टेंट बसवला.

मागच्या नलिकेसाठी वळवता येणारा स्फिंक्टरोटोम (टोक वाकवून तारेला दिशा देणारे उपकरण) वापरून प्रयत्न झाले. तार प्रत्येक वेळी पुढच्या विभागाकडेच सरकत होती. ठरलेली वेळ संपताच, त्या बाजूला डायचा एकही थेंब न सोडता, प्रयत्न थांबवण्यात आला.

डाव्या स्टेंटचे काय करायचे, हा त्याच बैठकीतला खरा पेच होता. डावा भाग कावीळ उतरवायला उपयोगाचा नव्हता, त्यामुळे तिथे मुळात शिरायचेच नव्हते. पण तिथे स्टेंट होता, म्हणजे जंतू पोहोचलेले होते आणि स्टेंट काढून टाकला असता तर तिथे पू साचण्याची भीती होती. चमूने तो काढून त्या जागी नवा प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. एकदा उघडलेल्या नलिकेची जबाबदारी सोडता येत नाही, मग तिचा उपयोग असो वा नसो.

पुढचे चार दिवस ताप नव्हता आणि बिलिरुबिन 13.0 पर्यंत उतरले. पाचव्या दिवशी पुन्हा थंडी वाजली आणि सोनोग्राफीत उजव्या मागच्या विभागाच्या नलिका तशाच फुगलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्टनी सोनोग्राफीच्या मदतीने तिथे पीटीबीडीची नळी बसवली आणि सुमारे 400 मिलिलिटर पित्त बाहेर आले. कल्चरमध्ये ई. कोलाय आणि एंटेरोकोकस हे दोन्ही जंतू सापडले होते; त्यांच्यावर चालणारे प्रतिजैविक निवडले. पंधरा दिवसांत बिलिरुबिन 6.4 झाले आणि खाज तर त्याच्या बरीच आधी थांबली. रात्रभर झोप लागू लागली, ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी होती.

नमुन्याचा प्रश्न

ब्रशच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी मिळाल्या नाहीत. यात अनपेक्षित काही नव्हते. पित्तनलिकेचा कर्करोग बराचसा तंतुमय असतो, ब्रशला पेशी थोड्याच लागतात आणि नकारात्मक अहवालाने कर्करोग नसल्याचे सिद्ध होत नाही. रक्तातील कर्करोगसूचक सीए 19-9 वाढलेले होते, पण पित्त अडले की ते कर्करोग नसतानाही वाढते. आयजीजी-4 संबंधित आजार (रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे होणारा, कर्करोग नसलेला आजार) अगदी असेच चित्र उभे करू शकतो आणि तो स्टेरॉइडने बरा होतो, म्हणून ती तपासणीही झाली; तिचा अहवाल सामान्य आला.

घरच्यांची इच्छा होती की बाहेरची नळी लवकर जावी आणि एकदाच कायमचा स्टेंट बसावा. तरीही नमुना मिळेपर्यंत धातूचा स्टेंट न बसवण्याचा निर्णय चमूने घेतला. आवरण नसलेला धातूचा स्टेंट काही आठवड्यांत नलिकेच्या भिंतीत रुतून बसतो आणि मग काढता येत नाही. निदान पक्के नसताना असे पाऊल उचलणे योग्य नाही. मूळ गाठीत जठर-आतड्यांतून सुई घालण्याचेही टाळले. ज्या रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा यकृतप्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो, त्यांच्यात अशा सुईमुळे पेशी पसरण्याचा धोका असतो, आणि काही प्रत्यारोपण केंद्रे तर त्यानंतर रुग्णाला पात्र मानत नाहीत.

मार्ग महाधमनीजवळच्या ग्रंथीतून मिळाला. तिसऱ्या आठवड्यात ईयूएसखाली सुईने तिचा नमुना घेतला आणि त्यात ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचा कर्करोग आढळला. एका सुईने निदानही पक्के झाले आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नही मिटला, कारण या ग्रंथीपर्यंत पोहोचलेला आजार दूरवर पसरलेला धरतात. खरे तर ही ग्रंथी पहिल्या सीटीतच दिसली होती. त्यामुळे हा नमुना पहिल्या आठवड्यात घेता आला असता का, हा प्रश्न नंतर चर्चेत आला. त्यावर पुढे लिहिले आहे.

प्लास्टिक की धातू

आता रुग्णासमोर केमोथेरपीचा पर्याय होता. जेमसिटाबाइन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी 2010 पासून या कर्करोगासाठी प्रस्थापित आहे; त्यात इम्युनोथेरपीचीही भर पडली आहे. त्यासाठी बिलिरुबिन सामान्याच्या जवळ यायला हवे होते आणि मध्येच स्टेंट बंद पडून उपचार थांबायला नको होते. प्लास्टिकच्या स्टेंटमध्ये जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साचून तो साधारण तीन महिन्यांत तुंबतो. 10 फ्रेंचच्या प्लास्टिक स्टेंटचा व्यास सुमारे 3.3 मिलिमीटर असतो, तर धातूचा जाळीदार स्टेंट 8 ते 10 मिलिमीटरपर्यंत उघडतो आणि जास्त काळ चालतो. त्याच्या उलट बाजूला ही अडचण की जाळीतून गाठ आत वाढते आणि तो काढता येत नाही. आवरण असलेला धातूचा स्टेंट खालच्या टोकाला उपयोगी पडतो, पण यकृतद्वाराशी त्याचे आवरण शेजारच्या नलिकांची तोंडे बंद करते, म्हणून तो पर्याय इथे नव्हता.

रुग्णाचे अपेक्षित आयुष्य काही महिन्यांचे असले तरी तीन महिन्यांहून जास्त होते, म्हणून उजव्या दोन विभागांसाठी आवरण नसलेले दोन धातूचे स्टेंट ठरले. ते एकाच्या जाळीतून दुसरा घालून इंग्रजी वायसारखे बसवायचे की शेजारी शेजारी, यावर मतभेद होते. वाय रचना नलिकेच्या नैसर्गिक आकाराशी अधिक जुळते, पण पुढे तुंबली तर दोन्ही बाजूंत पुन्हा शिरणे कठीण जाते. शेजारी शेजारी बसवले तर प्रत्येक स्टेंटमध्ये स्वतंत्रपणे शिरता येते, मात्र नलिकेवर ताण जास्त येतो. हे स्टेंट कधी ना कधी तुंबणारच, हे धरून चमूने 8 मिलिमीटर व्यासाचे दोन स्टेंट शेजारी शेजारी बसवण्याचे ठरवले. चौथ्या आठवड्यात पीटीबीडीच्या वाटेने मागच्या नलिकेतून तार खाली ड्युओडेनममध्ये आणली, ती दुर्बिणीने पकडली आणि दोन्ही स्टेंट एकाच बैठकीत उघडले. त्वचेतील नळी दोन दिवस बंद ठेवून पाहिली. ताप आला नाही, म्हणून ती काढली.

डावा प्लास्टिकचा स्टेंट याच वेळी काढण्यात आला. धातूच्या दोन स्टेंटच्या शेजारी तो राहिला असता तर नंतर ओढून काढताना अडकण्याची शक्यता होती, आणि तोवर डाव्या नलिका सोनोग्राफीत आकसलेल्या दिसत होत्या. दोन सदस्यांना तो आणखी काही आठवडे ठेवावा असे वाटत होते. हा निर्णय एकमताने झाला नाही, याची नोंद इथे आवश्यक आहे.

परिणाम

सातव्या आठवड्यात बिलिरुबिन 1.5 झाले आणि केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या फेरीनंतर ताप आला आणि सीटीत डाव्या भागात 3 सेंटिमीटरचा गळू दिसला. तो सुईने उपसून प्रतिजैविके दिली. गळू बरा झाला, पण केमोथेरपी तीन आठवडे लांबली. पहिल्या ईआरसीपीत आकसलेल्या भागात घातलेल्या त्या एका स्टेंटचा परिणाम अशा रीतीने चार महिन्यांनंतरही जाणवत होता.

सहाव्या महिन्यात पुन्हा कावीळ दिसू लागली. उजव्या पुढच्या स्टेंटमध्ये गाठ वाढली होती. शेजारी शेजारी रचनेचा फायदा इथे झाला: त्या स्टेंटमध्ये सरळ शिरून आत प्लास्टिकचा स्टेंट ठेवता आला आणि रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तो बदलण्याचे ठरले आणि एकदा तो नियोजित वेळी बदललाही.

दहाव्या महिन्यात आजार पोटाच्या आवरणात पसरला. कावीळ पुन्हा वाढली, वजन बरेच उतरले होते आणि रुग्ण दिवसाचा बराच वेळ अंथरुणात काढत होत्या. आणखी एकदा ईआरसीपी करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. चमूने त्यांना आणि मुलीला स्पष्ट सांगितले की त्यातून कावीळ थोडी उतरू शकेल, पण ताकद परत येणार नाही आणि केमोथेरपी आता देता येणार नाही. खाजेसाठी औषधे होती, तापासाठी तोंडावाटे प्रतिजैविके देता येत होती. त्यांनी पुन्हा प्रक्रिया नको असे सांगितले. पुढच्या महिन्यात, घरीच, उपशामक उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा फरक पहिल्या ईआरसीपीच्या आधी पडला असता. सोनोग्राफीत बारीक मुख्य नलिका आणि रिकामे पित्ताशय दिसले तिथेच थांबून एमआरसीपी आणि सीटी करायला हवी होती. रुग्णाला तेव्हा ताप नव्हता. बिलिरुबिन 14 असणे ही काही तासांत दुर्बीण घालण्याची निकड नसते. निकड असते ती संसर्गाची. दोन-चार दिवस थांबून नकाशा हाती घेतला असता तर डावा भाग आकसलेला आहे हे कळले असते. शिवाय स्टेंट बसवल्यावर केलेल्या तपासणीत नलिका मिटतात, हवा शिरते, सूज येते आणि गाठ नेमकी कुठवर आहे ते ठरवणे अवघड जाते. म्हणून निचऱ्याआधी चित्रण हा क्रम यकृतद्वाराच्या अडथळ्यात पाळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खालच्या टोकाच्या अडथळ्यातही शस्त्रक्रिया लगेच होणार असेल तर घाईने स्टेंट घालू नये. नेदरलँड्समधील 2010 च्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगात सरसकट आधी निचरा केलेल्यांत गंभीर गुंतागुंत 74 टक्के आणि थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत 39 टक्के होती.

दुसरा मुद्दा दुसऱ्या केंद्राचा आहे. मागच्या विभागात डाय गेला आहे हे माहीत असताना, ईआरसीपीत तिथे पोहोचता आले नाही त्याच दिवशी पीटीबीडी करता आली असती. चमूने ताप उतरतो का ते पाहण्यासाठी वाट पाहिली. रुग्ण थकलेल्या होत्या, रक्तस्रावाचा धोका पूर्ण टळला नव्हता आणि एका दिवसात दोन प्रक्रिया टाळण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरीही संसर्ग झालेल्या आणि बंद असलेल्या विभागात प्रतिजैविकांवर विसंबून राहिल्याने जवळपास एक आठवडा गेला. रेडिओलॉजिस्ट तयार असताना दुसऱ्याच दिवशी पीटीबीडी करणे मला अधिक योग्य वाटते.

ग्रंथीचा नमुना लवकर घेता आला असता का, यावर माझे उत्तर थोडे वेगळे आहे. पहिल्या आठवड्यात संसर्ग आटोक्यात नव्हता आणि तेव्हा प्राधान्य निचऱ्याला देणे बरोबरच होते. पण पीटीबीडीनंतर ताप गेला त्या आठवड्यात नमुना घेतला असता तर धातूचे स्टेंट आणि केमोथेरपी दोन्ही लवकर झाले असते. निचरा आणि निदान ही दोन कामे एकापाठोपाठ एक अशी मांडली गेली. ती काही अंशी समांतर चालवता आली असती.

डाव्या स्टेंटबद्दल मात्र कोणताच पर्याय निर्दोष नव्हता. काढला तर गळू होण्याचा धोका होता, तो प्रत्यक्षात झाला. ठेवला असता तर धातूच्या जाळीशेजारी अडकण्याचा आणि दर तीन महिन्यांनी आणखी एक स्टेंट बदलण्याचा भार राहिला असता. तिसरा पर्याय होता: पीटीबीडीची नळी असेपर्यंत, म्हणजे धातूचे स्टेंट बसवण्याच्या आठवडाभर आधी, डावा स्टेंट काढून पाहायचा. त्या काळात ताप आला असता तर डाव्या बाजूचा विचार करूनच धातूच्या स्टेंटची रचना ठरवता आली असती. हा पर्याय बैठकीत मांडला गेला नव्हता.

या प्रकरणानंतर त्या केंद्राने, कावीळ असलेला रुग्ण पाठवणाऱ्या रुग्णालयांकडून आधी तीन गोष्टी विचारायला सुरुवात केली: सोनोग्राफीत मुख्य नलिका किती रुंद आहे, पित्ताशय भरलेले आहे की रिकामे, आणि ताप आहे का. मुख्य नलिका बारीक आणि ताप नसेल तर ईआरसीपी न करता थेट एमआरसीपीसाठी पाठवा, असे फोनवरच सांगितले जाते.